फायबर स्पेक्ट्रोमीटर, ९ महिन्यांनंतर: खाच, खळगा आणि पिठाचा डबा

फायबरमधून आलेला प्रकाश रंगांत फोडून मोजणारं हे यंत्र. २०० ते १००० नॅनोमीटर, २५ मायक्रॉनची स्लिट (प्रकाश आत येण्याची फट). बाकी माहितीपत्रकात आहे, ते उतरवत बसत नाही. नेरुळला आमच्या लॅबमध्ये तांब्याची बारीक तार कपॅसिटरने उडवतो, तिचा प्लाझ्मा (तापून विद्युतभारित झालेला वायू) होतो. २ मायक्रोफॅरड, २० किलोव्होल्ट, म्हणजे ४०० जूल. अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळेच्या झी यंत्रातून २.६ कोटी अँपिअर जातात, त्यापुढे आमची दिवाळीतली टिकली. पण दाट प्लाझ्मात प्रोब (मोजणारी सळई) घातला तर प्रोबच जातो. त्यामुळे जे काय विचारायचं ते प्रकाशालाच.

आधी यूएसबीची खाच. एवढ्या महागड्या वस्तूला स्वस्तातल्या चार्जरसारखी मायक्रो-यूएसबी! दर शॉटला लॅपटॉप 'टुंग' करायचा आणि स्पेक्ट्रोमीटर गायब. पिन काढा, घाला, काढा, घाला. महिनाभरात खाच सैल. तुर्भ्याला डीलरकडे दोन फेऱ्या मारल्या, रिक्षा माझ्या खिशातून, आणि उत्तर काय, तर "तुम्ही नीट हाताळत नाही." तेव्हाच दोन स्टार देऊन मोकळा झालो होतो.

मग कळलं की निम्मी चूक माझी. स्पार्क गॅप (ठिणगीने चालू होणारा आमचा स्विच) सुटताना जो विद्युतचुंबकीय दणका बसतो, तो चार्जरच्या अर्थिंगमधूनही आत येत होता. आता चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर, आणि लॅपटॉप नि स्पेक्ट्रोमीटर दोघंही घरच्या मोठ्या स्टीलच्या पिठाच्या डब्यात. भोकातून फक्त फायबर आत. ती काचेची, तिला दणक्याचं सोयरसुतक नाही. तेव्हापासून कनेक्शन एकदाही तुटलं नाही. खाच मात्र भिकारच, यावर मी ठाम.

दुसरी तक्रार लिहायला नको होती. ३२४.७५ आणि ३२७.४० नॅनोमीटरला तांब्याच्या झळझळीत रेषा (ठरावीक रंगांची टोकं) यायला हव्यात, तिथे आलेखात खळगे. पिक्सेल मेलेत म्हणून आलेख जोडून कडक मेल टाकला. सरांनी आलेख बघितला आणि हसले. "साधा स्पार्क घेऊन बघ." घेतला, तर त्याच पिक्सेलवर रेषा ताठ उभ्या. प्लाझ्माचा गाभा सगळ्या रंगांचा सलग प्रकाश देतो आणि बाहेरची थंड तांब्याची वाफ नेमके तेच रंग गिळते. यंत्र खरं सांगत होतं, मीच भांडत होतो. तापमानासाठी मग या दोन रेषा बाद, ५१०.५५, ५१५.३२ आणि ५२१.८२ यांच्या तेजाचं गुणोत्तर घेतो. चार स्टार केले.

कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचे आकडे बरोबर आहेत ना ते तपासणं, फुकटात. लॅबच्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ४३५.८३ आणि ५४६.०७ बघायचं. पावसाळ्यानंतरही जागचं हललं नाही, याचं खरंच कौतुक.

रेझोल्यूशन, म्हणजे यंत्राला वेगळा ओळखता येणारा किमान फरक, साधारण १ नॅनोमीटर. एका घन सेंटिमीटरात १०¹⁷ इलेक्ट्रॉन असले तर हायड्रोजनची ४८६.१ ची रेषा सुमारे ४.८ नॅनोमीटर रुंदावते, ते मोजता येतं. प्लाझ्मा बराच विरळ झाला की यंत्राची स्वतःचीच रुंदी मोजत बसाल.

एक उणीव डब्यानेही भागत नाही. कमीत कमी एक्स्पोजर १ मिलिसेकंद, आणि आमचा खेळ काही मायक्रोसेकंदांचा. पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंत ठाणे स्टेशनचा एकच फोटो काढावा, तसं. गर्दी कधी होती, फलाट कधी रिकामा झाला, सगळं एकावर एक. त्यावर उपाय म्हणजे नॅनोसेकंदांत उघडझाप करणारा कॅमेरा. त्याचं कोटेशन सरांनी ड्रॉवरमध्ये उलटं ठेवलंय.

केबल नवी घेतली, १८० रुपये. आई डबा मागतेय.