ऑनलाइन बूट: जुना नंबर, कागदावरचं माप की नवी पेठ?

सोलापुरात बसून ऑनलाइन बूट मागवायचे तर साइज ठरवायचे तीन मार्ग आहेत. जुन्या बुटाचा नंबर टाकायचा, पाय कागदावर मोजायचा, नाहीतर शहरातल्या नवी पेठेच्या बाजारात जाऊन बूट पायात घालून बघायचा.

जुना नंबर सगळ्यात सोपा. त्याच कंपनीचं तेच मॉडेल पुन्हा घेताय तर बिनधास्त टाका. कंपनी बदलली की मात्र भरवसा नाही. आपण 'आठ नंबर' म्हणतो तो बहुतेक वेळा यूके 8. नायकेच्या तक्त्यात पुरुषांचा यूके 8 म्हणजे यूएस 9 आणि युरोपियन 42.5, तर आदिदासच्या तक्त्यात तोच यूएस 8.5 आणि 42. त्यामुळे नुसता '9' दिसला तर तो कुठला, हे आधी बघा. पोरांच्या बुटांत तर यूकेचे नंबर तेरानंतर परत 1 पासून सुरू होतात. शाळेचे बूट मागवताना इथेच घोळ होतो.

माझा कौल कागदाला. शहाबादी फरशीवर, भिंतीला लागून कागद ठेवा. चादरीवर किंवा सतरंजीवर नको. टाच भिंतीला टेकवून पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि खुणा दुसऱ्याला करू द्या, कारण स्वतः वाकलं की पाय हलतो. पेन्सिल सरळ उभी हवी. तिरकी होऊन पायाखाली गेली की माप कमी भरतं, आणि यूकेच्या दोन नंबरांत अंतरच जेमतेम साडेआठ मिलिमीटरचं असतं. सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट जास्त लांब असतं. दोन्ही पाय मोजून मोठा धरा. हे सगळं संध्याकाळी करा. दिवसभरात पाय थोडा फुगतो, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर जास्तच. मग तक्ता उघडा, पण त्यात दिलेले सेंटिमीटर पायाचे आहेत की बुटाच्या आतले, ते नीट वाचा. आतलं माप पायापेक्षा साधारण एक सेंटिमीटर जास्त लागतं.

कागद कमी पडतो तो रुंदीला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखावर लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाय तुलनेने रुंद निघाले. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धतही सुचवली गेली. पण बहुतेक ऑनलाइन तक्ते लांबीच सांगतात. चवडा रुंद आहे म्हणून एक नंबर वाढवला, तर करंगळी सुटते पण टाच निसटायला लागते.

म्हणून चवडा रुंद असेल किंवा ऑफिसचे लेदरचे बूट हवे असतील, तर सरळ नवी पेठ गाठा. लेसचे स्पोर्ट्स शूज थोडं सांभाळून घेतात, बिनलेसचा लेदरचा बूट चावतोच. मात्र दुकानदाराला दहा जोड काढायला लावायचे आणि बाहेर येऊन मोबाइलवर ऑर्डर टाकायची, हे मला पटत नाही. दोन-तीनशेचा फरक असेल तर तिथेच घ्या.

ऑनलाइनच घेणार असाल तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासा: परतावा मिळतो की फक्त बदली, आणि आपल्या पिनकोडवरून माल परत न्यायला येतात का. बूट आला की मोजे घालून घरातल्या स्वच्छ फरशीवरच चालून बघा, आणि नक्की होईपर्यंत खोका, टॅग काही टाकू नका.