बाळाच्या हिमॅन्जिओमावरील प्रोप्रॅनोलॉलचे पातळ औषध : एका पालकाचे मत

जन्मानंतर काही आठवड्यांतच आमच्या मुलीच्या पापणीवरची हिमॅन्जिओमाची (रक्तवाहिन्यांच्या वाढीने होणारी) लालभडक गाठ इतकी वाढली की डोळा उघडेनासा झाला, आणि दृष्टीच्या विकासालाच धोका असल्याने डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल सुरू केले. मूळचे हृदयविकारावरचे हे औषध हिमॅन्जिओमावरही गुणकारी ठरते, हे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी प्रामुख्याने स्टेरॉइडवर भिस्त असे. गुण खरोखर उत्तम आला : गाठ आधी जांभळट, मग करडी झाली, मऊ पडली आणि पापणी उचलली जाऊ लागली.

मात्र हे औषध सहज म्हणून देण्याजोगे नाही. रक्तातील साखर घसरू शकते, म्हणून ते दूध पाजताना किंवा लगेच नंतर द्यावे लागते, दोन मात्रांत किमान ९ तासांचे अंतर राखावे लागते आणि बाळ दूध घेत नसेल किंवा उलट्या करत असेल, तर ती मात्रा वगळावी लागते. सिरिंजवरच्या बारीक खुणा रात्रीच्या उजेडात नीट दिसत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे. प्लेटलेट्स (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) झपाट्याने घटवणाऱ्या कापोसिफॉर्म हिमॅन्जिओएन्डोथेलिओमा या रक्तवाहिन्यांच्या वेगळ्या गाठीवर मात्र हे औषध सहसा पुरे पडत नाही; तिथे सिरोलिमस हे दुसरे औषध वापरतात, म्हणून निदान तज्ज्ञाकडूनच करून घ्यावे.