कोहा की सोल? आधी बघा, पासवर्ड कुणाकडे आहे

कोहा आणि सोल ही ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारी दोन सॉफ्टवेअरं. त्यांतलं कुठलं घ्यावं? सांगली-साताऱ्याकडचे कॉलेजांतले दोन ग्रंथपाल भेटले की चहा येण्याआधी हा विषय निघतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची माहिती भरायची असेल तर जास्तच, कारण सॉफ्टवेअर कुठलं, आवृत्ती कुठली, हे तिथं लिहावं लागतं.

सोल गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्याच (यूजीसी) घरचं. 3.0 आवृत्ती 2021 मध्ये आली. विकत घ्यावं लागतं, विंडोजवर चालतं, आणि दाखल नोंदवहीवर, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक लिहायच्या वहीवर, हात बसलेल्या माणसाला ते फारसं परकं वाटत नाही. ठरावीक अहवाल तयार मिळतात. वेगळा काही हवा असेल तर एक्सेल उघडून बसा.

कोहा न्यूझीलंडचं, 2000 साली सुरू झालेलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. परवान्याला पैसे पडत नाहीत, आणि प्राचार्यांना तेवढंच ऐकू येतं! लिनक्सचा सर्व्हर, तो सांभाळणारा माणूस, वर्षातून दोनदा येणारी नवी आवृत्ती, हा खर्च मागाहून कळतो. ओळखीच्या एका कॉलेजात कोहा बसवणारा मुलगा कंत्राटी होता. त्याला पुण्यात नोकरी लागली, पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. पुढं कित्येक दिवस देवघेव वहीवर.

तरी अहवालांत कोहाच सरस, असं माझं मत. पाच वर्षांत एकदाही कपाटाबाहेर न आलेली पुस्तकं कोणती, कुठल्या विषयाच्या प्रती सतत कमी पडतात, हे हवं तसं विचारता येतं. एकदा जमवलेला अहवाल साठवून ठेवला की पुढचा ग्रंथपालही तो चालवू शकतो. ग्रंथालयाची कामगिरी अशा प्रश्नांतून कळते. रोजच्या हजेरीच्या आकड्यात पेपर वाचायला आलेलेही धरलेले असतात.

पण नोंदीच धड नसतील तर दोन्ही सारखीच. आमच्याकडे एम.कॉम.च्या एका मुलीला हळदीच्या बाजारावर प्रकल्प करायचा होता. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या पुस्तकसूचीत, 'हळद' टाकलं, उत्तर शून्य. सांगलीत! कपाटात चार पुस्तकं होती. दोन पुस्तकांची नावं रोमन लिपीत, दोन तऱ्हेच्या स्पेलिंगनं. तिसऱ्याचा विषय 'टर्मरिक'. चौथ्याची नोंद जुन्या मराठी फॉन्टमधली, पडद्यावर नुसती चिन्हं. आमच्या परिचर मामांनी चारही पुस्तकं उठून काढून दिली. मामांचं निवृत्तीचं वर्ष होतं. कुठल्या विषयाची पुस्तकं कुठं आहेत ते लिहून घेत शेवटचा महिना मी वही घेऊन त्यांच्या मागं फिरले.

म्हणून ग्रंथालयात एकट्याच असाल आणि सर्व्हरकडे बघणारं कुणी नसेल, तर सोल घ्या. कॉम्प्युटर विभागात कायम नोकरीतला कुणी हौशी असेल, किंवा संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात कोहा आधीपासून चालू असेल, तर कोहा. पासवर्ड मात्र दोघांकडे, आणि एक प्रत बंद पाकिटात कार्यालयात. दोन्हींत मार्क 21 या पुस्तकांच्या नोंदींच्या प्रमाण नमुन्यात नोंदी ठेवता येतात, तेव्हा पुढं बदलायची वाट बंद होत नाही. पैसे देण्याआधी आपल्याच पन्नासेक नोंदी आत घालून परत बाहेर काढून दाखवायला सांगा, मराठी अक्षरांसकट. आणि बॅकअप त्याच इमारतीत ठेवू नका. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

मामांची वही मी सध्या नोंदींत चढवतेय. हळद झाली, आता ऊस चालू आहे.