जळगावातील एका व्यसनमुक्ती केंद्राची सेवा : अभिप्राय

धाकट्या भावाच्या दारूसाठी आम्ही ही सेवा घेतली. तेथील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे कुटुंबीयांसाठीचे समुपदेशन होय. दारूमुळे मध्यमेंदूतील पेशींकडून न्यूक्लियस अक्युम्बेन्स या मेंदूतल्या सुखाशी निगडित भागात डोपामिन हे ओढ लावणारे रसायन वाढते, वारंवारच्या माऱ्याने डोपामिनचा संकेत टिपणारे पेशींवरचे डी-२ ग्राही घटतात आणि मग भरीत व कळण्याच्या भाकरीतला साधा आनंदही फिका पडतो, तलफ मात्र टिकून राहते, हे डॉक्टरांनी शांतपणे उलगडले. (आईला तेच त्यांनी अहिराणीत पुन्हा सांगितले.) नाल्ट्रेक्सोन ही गोळी ओपिऑइड ग्राही (मेंदूतल्या अफूसारख्या सुखद रसायनांचा संकेत टिपणारे) अडवून दारूची गोडी कमी करते, हेही कळले. जेवण ठीक होते. घरी सोडल्यानंतरचा पाठपुरावा मात्र तोकडा वाटला. मेंदू सावरायला अनेक महिने लागतात असे शिकवणाऱ्यांनी एका फोनवर भागवावे, हे पटत नाही.