नळाचं पाणी: पैसे टाकीवर घालावेत की नालीतल्या पाइपावर?

वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामांवरच खर्चता येणाऱ्या) निधीतला पाण्याचा हिस्सा खात्यावर जमा झाला की ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत साधारण तीन मागण्या पुढे येतात. टाकीवर क्लोरीनचा डोझर, म्हणजे आपोआप मात्रा टाकणारं यंत्र, बसवा. आरओचं एटीएम, म्हणजे नाणं टाकून गाळलेलं पाणी देणारं यंत्र, आणा, शेजारच्या गावात आलं, आपल्याकडे का नाही? आणि खालच्या मोहल्ल्यातल्या बायांची मागणी: नळाला सुरुवातीला गढूळ पाणी येतं, पाइप बदला. पैसा तिन्हींना पुरत नाही. सरपंच, ग्रामसेवक, पाणी समितीचे सदस्य, ज्याला कुणाला ठराव लिहायचा आहे त्याच्यासाठी हा आढावा.

माझा कल लपवत नाही. एकाआड दिवस किंवा रोज तासभर पाणी सुटणाऱ्या गावात मी आधी खालच्या मोहल्ल्याचं ऐकेन. टाकीतलं पाणी बरेचदा ठीक असतं, बिघडतं ते टाकीपासून तोटीपर्यंतच्या वाटेत. पण तुमच्या गावाचं दुखणं हेच आहे का, ते ठरावाआधी तपासता येतं आणि त्याला खर्चही फारसा नाही.

आधी ओटी, पण शेवटच्या घरी

गावच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या जलसुरक्षकाकडे ओटीची (ऑर्थोटोलिडीनची) बाटली असतेच; पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर तिच्या थेंबांनी पाणी पिवळं होतं. अडचण एवढीच की चाचणी बहुतेक वेळा टाकीजवळच्या घरी नाहीतर सरपंचांच्या घरी होते आणि वहीत ‘पॉझिटिव्ह’ची रांग लागते. निर्णय घ्यायचा असेल तर चाचणी तीन ठिकाणी करा: टाकीवर, गावाच्या मध्यावर आणि लाइनच्या अगदी शेवटच्या घरी. शेवटच्या घरी दोनदा करा. एक पाणी सुटताच पहिल्या बादलीत, दुसरी दहा मिनिटांनी.

टाकीवरच पिवळा रंग येत नसेल तर पाइपाला दोष देऊ नका. क्लोरीनची पावडर मेलेली आहे किंवा टाकलेलीच नाही. टाकीवर रंग येतो आणि शेवटच्या घरी दोन्ही वेळा येत नाही, याचा अर्थ क्लोरीन वाटेत खर्ची पडतंय. जुन्या पाइपाच्या आतल्या बाजूला जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, लोहाचा गंज असतो, बंद टोकाला गाळ साचतो, हे सगळं क्लोरीन खातं. आणि पहिल्या बादलीत काही नाही, पण दहा मिनिटांनी रंग ठीक येतो, असं असेल तर नळ बंद असतानाच्या तासांत बाहेरची घाण पाइपात शिरते आहे. विदर्भातल्या गावांत हा तिसरा प्रकार फार दिसतो.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 सांगतं की ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन शिल्लक हवं आणि काविळीसारख्या विषाणूजन्य आजारापासून बचाव हवा असेल तिथे 0.5. ई-कोलाय जिवाणू 100 मिलिलिटर नमुन्यात एकही चालत नाही. त्यासाठी नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत जातोच, पण त्याच घरांतून एचटूएसच्या, म्हणजे मैल्यातले जिवाणू असले की काळ्या पडणाऱ्या, बाटल्याही भरा. दीड-दोन दिवसांत बाटली काळी पडली की सभेत वाद घालायला फारसं कुणी उरत नाही. ओटीचं रसायन स्वतः विषारी आहे. चाचणीचं पाणी भांड्यात परत ओतू नये, हात धुवावेत. क्लोरीन मोजायचा डीपीडीचा संच मिळत असेल तर तो केव्हाही बरा.

पावडर, लिक्विड की मिठापासून क्लोरीन

50 हजार लिटरची टाकी धरू आणि लिटरमागे 2 मिलिग्रॅम मात्रा. म्हणजे 100 ग्रॅम क्लोरीन हवं. ताज्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये ते साधारण 33 टक्के असतं, म्हणजे 300 ग्रॅम पावडर पुरते. तीच पावडर 20 टक्क्यांवर उतरली की अर्धा किलो लागते आणि त्याखाली गेली की आरोग्य खातं ती वापरूच नका म्हणतं. आता ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातलं पोतं आठवा. तोंड सुतळीने बांधलेलं, वरून पत्रा, बाहेर 45 डिग्री. मे महिन्यात अशा पोत्यातलं क्लोरीन आठवड्या-आठवड्याला उडत जातं आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत हाती चुन्याचे खडे राहतात. नेमकी तेव्हाच तर गरज असते.

तरीही पावडरची बाजू घेतो. ती स्वस्त आहे, तालुक्याला मिळते, तिला वीज लागत नाही. डबा घट्ट झाकणाचा घ्या, एकदम वर्षाचा साठा करू नका, पोत्यावरची तारीख बघा. बादलीत कालवून अर्धा तास निवळू द्या आणि वरचं पाणी टाकी भरत असताना ओता. त्यानंतर निदान अर्धा तास तरी नळ सोडू नका. कोरडी पावडर वरून भुरभुरवली तर ती तळाला बसते. मग पहिल्या चार घरांतून ‘पाण्याले औषधाचा वास येते जी’ अशी तक्रार येते आणि शेवटच्या घराला काहीच मिळत नाही.

डोझर लिक्विड सोडियम हायपोक्लोराइटवर चालतो. 10 टक्क्यांचं लिक्विड त्याच टाकीला 1 लिटर पुरतं. मोठा फायदा हा की पंप सुरू झाला की मात्रा आपोआप पडते, माणूस लग्नाला गेला तरी खंड पडत नाही. पण लिक्विड उन्हात पावडरपेक्षाही लवकर मरतं. पत्र्याच्या पंपघरात कॅन ठेवले तर उन्हाळ्यात 10 टक्क्यांचे 6 टक्के कधी झाले ते कळत नाही, मशीन मात्र टिकटिक करत जुनीच मात्रा टाकत राहतं. नळी क्षारांनी तुंबते, ती धुवावी लागते. देखभालीचा करार आणि सावलीतली जागा नसेल तर डोझर घेऊ नका. असे बंद पडलेले निळे डबे तालुक्यात हवे तेवढे बघायला मिळतील.

मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जागेवरच क्लोरीन करणारं यंत्र ही तिसरी वाट. त्याचं द्रावण ताजं असतं, पण अर्ध्या-पाऊण टक्क्याचं, म्हणजे आपल्या टाकीला 17 लिटरच्या आसपास. साठवणुकीचा प्रश्न मिटतो, विजेचा सुरू होतो. मेळघाटात किंवा गडचिरोलीत, जिथे पावसाळ्यात पोतं पोहोचणंच कठीण, तिथे सौरऊर्जेवरचं यंत्र विचारात घ्यावं. रस्त्यालगतच्या गावाला त्याची गरज मला दिसत नाही. सिलिंडरमधला क्लोरीन वायू अनेक गावांना मिळून पाणी देणाऱ्या प्रादेशिक योजनांपुरता, ग्रामपंचायतीने त्याच्या वाटेला जाऊ नये.

प्रादेशिक योजनेचं पाणी घेणाऱ्या गावांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. क्लोरीन दूरच्या शुद्धीकरण केंद्रावर मिसळलेलं असतं आणि तापलेल्या पाइपांतून गावात येईस्तोवर ते संपलेलं असू शकतं. ‘वरून शुद्ध होऊन येते’ यावर विसंबू नका. गावच्या टाकीवर पुन्हा मात्रा द्यावी लागते, आणि तिथे डोझर खरोखर कामाचा.

नालीतला पाइप

आता मूळ मुद्दा. मोठी लाइन रस्त्याच्या एका कडेने जाते, समोरच्या घरांच्या जोडण्या रस्ता ओलांडतात आणि मध्ये नाली असते. पाऊण इंची पाइप नालीच्या तळातून गेलेला, सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली, वरून शेवाळ. पाणी सुरू असतं तेव्हा तिथून चार थेंब बाहेर गळतात आणि आपण त्याला गळती म्हणून सोडून देतो. पाणी बंद झालं की लाइन उताराकडे रिकामी होऊ लागते, आत पोकळी तयार होते आणि ज्या फटीतून पाणी बाहेर येत होतं तिथूनच नालीचं पाणी आत ओढलं जातं. वरच्या अंगाच्या घराने नळाला टुल्लू पंप (पाणी ओढणारी छोटी मोटर) लावला तर नळ सुरू असतानाही हेच घडतं. खालच्या मोहल्ल्यात दाब नाही म्हणून लोक तोटी काढून खड्ड्यात नळ उतरवतात. खड्डा भरला की त्यातलं पाणीही परत पाइपात जातं.

इतकी घाण शिरल्यावर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीनने काय होणार? ते मैल्यातल्या सेंद्रिय पदार्थांवरच खर्च होतं, जिवाणूंसाठी उरत नाही. मात्रा दुप्पट केली तर वरच्या घरांना वास असह्य होतो आणि ते विहिरीकडे वळतात. म्हणून टाकीवर कितीही महागडं यंत्र बसवा, तिसऱ्या प्रकारच्या गावात ते या ठिकाणी हरतं.

त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात तीच फुगते. ताठ पीव्हीसीचे सांधे या ओढाताणीत दरवर्षी सुटतात. घरजोडणीला लवचिक एमडीपीई (प्लास्टिकचा) पाइप घ्यावा, मध्ये सांधा न ठेवता अखंड. नाली ओलांडायची तर तळातून नव्हे, नालीच्या वरून किंवा खालून पक्क्या आवरणातून. जल जीवन मिशनची नवी लाइन आली असेल तर जुनी खरोखर तोडली का, हे खणून बघा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही कुठेतरी जोडलेल्याच राहतात आणि जुन्या लाइनीत सडलेलं पाणी नव्या लाइनीत येतं.

सगळी लाइन बदलायची गरज नसते. ज्या गल्लीत एचटूएसची बाटली काळी पडली तिथल्या जोडण्या, सगळ्यांना तोट्या, गळके व्हॉल्व्ह चेंबर आणि बंद टोकाला एक वॉशआउट (साचलेला गाळ बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह), एवढ्याने फरक पडतो. या कामात उद्घाटनाला फीत कापायला काही मिळत नाही, ही त्याची एकमेव उणीव. टुल्लू पंप जप्त करणं मात्र पैशाचं काम नाही, ते सरपंचाच्या हिमतीचं आहे.

आरओ कुठे

खारपाणपट्ट्यातल्या अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या गावांत क्षार जास्त आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागांत फ्लोराइड जास्त. अशा गावांत आरओला पर्याय कमी आहेत. फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर क्लोरीनने काही साधत नाही. पण केवळ जुलाब, कावीळ टाळायला आरओ घेणं मला पटत नाही. आरओच्या पडद्याआधीचा कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे कॅनमधल्या पाण्याला काही संरक्षण उरत नाही. कॅन आतून धुतलेला नसेल, घरी गेल्यावर गडव्याऐवजी हातच बुडवला, तर पुन्हा तेच. वाया जाणारं पाणी वेगळं. शिवाय ज्याच्याकडे नाणं नाही आणि शाळेतलं जे पोर नळाला तोंड लावतं, ती दोघंही नळाचंच पाणी पितात.

आणखी एक खर्च कुठल्याच प्रस्तावात नसतो: योजनेचं वीजबिल. ते थकून वीज तुटली आणि नळ बंद पडला की माणसं जुन्या विहिरीवर जातात. जुलै 2022 मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी-कोयलारीत उघड्या विहिरीचं दूषित पाणी पिऊन कॉलरा पसरला, माणसं दगावली.

माझ्यापुरता क्रम असा. टाकीवर रंगच येत नसेल तर या वर्षी ताजी पावडर, घट्ट डबे आणि पाणी सोडणाऱ्याचं मानधन वेळेवर, बाकी नंतर. पहिली बादली खराब असेल तर बहुतेक निधी जोडण्यांवर, पावडर हातानेच. प्रादेशिक योजनेचं गाव असेल, किंवा पाणी सोडणारा माणूसच टिकत नसेल, तर डोझर आधी.

जोडण्यांचं काम दिलंच तर करारात दोन अटी घाला. खड्डे बुजवण्याआधी लाइनीत दाबाने पाणी सोडून प्रत्येक सांधा कोरडा दाखवायचा आणि त्याचे फोटो ग्रामपंचायतीला द्यायचे. मग नव्या पाइपात जास्त क्लोरीनचं पाणी चोवीस तास भरून ठेवून वॉशआउटने सोडून द्यायचं. त्या दिवशी नळ पिण्यासाठी नाही, याची दवंडी आदल्या संध्याकाळी. अंतिम बिलावर सही शेवटच्या घराच्या पहिल्या बादलीत ओटीचा रंग दिसल्यावर.