राष्ट्रीय संघटनेच्या वर्षभराच्या कामातलं लॅबच्या खऱ्या उपयोगाचं काय? नागपुरातून एक परीक्षण

धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या मध्यम लॅबला मायक्रोबायॉलॉजीच्या राष्ट्रीय संघटनेकडून वर्षभरात बरंच काही मिळू शकतं. परिषद असते, नियतकालिक असतं, कार्यशाळा असतात आणि ईक्यूएएस ही लॅबच्या दर्जाची बाहेरून होणारी तपासणी असते, म्हणजे आत कोणता जंतू आहे हे न सांगता बाहेरून येणारे नमुने. यातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ईक्यूएएस घ्या. बाकीचं चांगलं आहे, पण त्यावाचून रुग्णाचं अडत नाही. सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे जंतूवर कोणतं औषध चालेल याचा रिपोर्ट चुकला तर मात्र अडतं.

बाकीच्याबद्दल आधी थोडक्यात. असोसिएशन ऑफ मायक्रोबायॉलॉजिस्ट्स ऑफ इंडिया ही १९३८ची संघटना. शेती, पर्यावरण, अन्न, उद्योग अशा सगळ्या अंगांची माणसं तिथे भेटतात, त्यामुळे कॉलेजच्या विभागांना ती जवळची. हॉस्पिटल आणि डायग्नोस्टिक लॅबवाल्यांसाठी इंडियन असोसिएशन ऑफ मेडिकल मायक्रोबायॉलॉजिस्ट्स. मायक्रोकॉन ही तिची वार्षिक परिषद. अशा कुठल्याही मोठ्या परिषदेत मुख्य व्याख्यानांपेक्षा आदल्या दिवशीच्या हँड्स-ऑन कार्यशाळा जास्त उपयोगी पडतात. जागा मोजक्या असतात आणि लवकर भरतात. तिथे डॉक्टरांऐवजी रोज प्लेट वाचणाऱ्या टेक्निशियनला पाठवावं, कारण हात त्याचा सुधारायचा असतो.

कॉलेजांसाठी १७ सप्टेंबरचा सूक्ष्मजीव दिन हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जिवंत कार्यक्रम. १६८३ साली याच तारखेच्या पत्रात लेवेनहुकने दातांवरच्या किटणातले जीव वर्णन केले होते. पोस्टर स्पर्धेत वेळ घालवण्यापेक्षा मुलांना त्यांच्याच दातांवरचं किटण थेंबभर पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावं. सोबत कॉटन मार्केटमधून आणलेलं एखादं सडकं संत्रं ठेवावं. त्याच्यावरची हिरवी बुरशी पेनिसिलियम डिजिटेटम. चिकटपट्टीने उचलून लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगाच्या थेंबावर लावली की तिचा कुंचला स्पष्ट दिसतो. नागपूरच्या मुलांना ही बुरशी घरातलीच वाटते आणि म्हणून लक्षात राहते.

आता मुख्य गोष्ट. ईक्यूएएसमध्ये फ्रीझ-ड्राय केलेल्या कल्चरच्या कुप्या येतात, जंतू ओळखायच्या ग्रॅम आणि झेडएन (क्षयाच्या जंतूसाठीचा) रंगासाठी स्लाइड येतात, सेरॉलॉजीसाठी, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं तपासायला सीरम येतं. ठरलेल्या मुदतीत जंतूची ओळख आणि सेन्सिटिव्हिटी कळवायची, मग गुण आणि अपेक्षित उत्तर मिळतं. आयएसओ १५१८९ या लॅबसाठीच्या मानकाखाली एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता हवी असेल तर अशा कार्यक्रमात भाग घ्यावाच लागतो, म्हणून बरीच मंडळी नोंदणी करतात. पण प्रमाणपत्र ही त्यातली दुय्यम गोष्ट. आपली लॅब रोज कुठे चुकते ते या कुप्या दाखवतात आणि ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतकं स्वच्छ दिसत नाही.

कुरिअर आलं की आधी तारीख आणि पाकिटाची अवस्था लिहून ठेवा. फ्रीझ-ड्राय कल्चर प्रवासातला उन्हाळा बऱ्यापैकी सोसतं, सीरमला तो मानवत नाही. सीरम गरम अवस्थेत आलं तर त्याच दिवशी नमुने पाठवणाऱ्या केंद्राला कळवावं, गुण गेल्यावर नव्हे. काचेची कुपी ७० टक्के अल्कोहोलने पुसायची, कानशीने रेघ मारायची, गॉजमध्ये धरून मोडायची. आत ०.५ मिली न्यूट्रिएंट ब्रॉथ (जंतूंचं पातळ खाद्य) टाकून फेस न आणता हलकेच मिसळायचं आणि लगेच ब्लड अगर व मॅकॉन्की अगर या जंतू वाढवायच्या प्लेटवर स्ट्रीक करायचं, म्हणजे रेघा ओढून पसरायचं. ब्लड अगर ५ टक्के मेंढीच्या रक्ताचा असावा. ब्लड बँकेतून उरलेलं मानवी रक्त वापरलं तर त्यातले सायट्रेट, प्रतिपिंड, कधी दात्याने घेतलेली औषधं वाढीत आडवी येतात आणि हिमोलिसिस, म्हणजे जंतूभोवती रक्तपेशी फुटल्याची खूण, फसवा दिसतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे घाई. कुपीतल्या ब्रॉथवरून थेट सेन्सिटिव्हिटी लावली जाते. कुपीत मुद्दाम दोन जंतू मिसळलेले असू शकतात आणि सुकवण्यातून उठलेला जंतू पहिल्या दिवशी मरगळलेलाही असतो. म्हणून एकदा सबकल्चर करून, म्हणजे ताज्या प्लेटवर पुन्हा वाढवून, १८ ते २४ तासांच्या वेगळ्या कॉलनींवरूनच (जंतूंच्या ठिपक्यांवरूनच) पुढचं काम करावं.

यानंतर डिस्क डिफ्यूजन, म्हणजे जंतू पसरलेल्या प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवून भोवतीचा जंतू न वाढलेला गोल, म्हणजे झोन, मोजायचा. गुण सगळ्यात जास्त इथे जातात. म्युलर-हिंटन अगरची जाडी ४ मिमी हवी. ९० मिमीच्या प्लेटला त्यासाठी साधारण २५ मिली लागतं. अंदाजाने ओतणाऱ्याच्या हातून कधी १८ पडतं, कधी ३०. अगर जाड झाला की झोन लहान होतो आणि संवेदनशील जंतू रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा ठरतो, पातळ झाला की उलट. पीएच ७.२ ते ७.४. तो खाली गेला की जेंटामायसिनसारख्या औषधांचे झोन आकसतात, टेट्रासायक्लिनचे वाढतात. सस्पेन्शन (जंतू कालवलेलं पाणी) ०.५ मॅकफारलंड इतक्या गढूळपणाचं, म्हणजे दर मिलीला सुमारे १.५ × १० कोटी जंतू. ट्यूबमागे काळ्या रेघांचा कागद धरून मॅकफारलंडच्या ट्यूबशी ताडून पाहायचं आणि ताडण्याआधी ती मॅकफारलंडची ट्यूब हलवून घ्यायची, कारण तिचा गाळ तळाशी बसलेला असतो. सस्पेन्शन तयार झाल्यापासून १५ मिनिटांत स्वॅब, त्यानंतर १५ मिनिटांत डिस्क, त्यानंतर १५ मिनिटांत प्लेट इनक्युबेटरमध्ये. हा युकास्ट या युरोपीय समितीचा नियम भिंतीवर चिकटवून ठेवण्यासारखा आहे.

नागपूरचा उन्हाळा या सगळ्यात वेगळा हिशोब मागतो. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात बाहेर पारा ४५च्या पुढे जातो आणि बंद खोली रात्रीही तापलेली राहते. अशा वेळी डायलवर ३५ लावलं असलं तरी आत खोलीएवढं किंवा त्याहून जास्तच तापमान असतं. ई. कोलाय हे सहज खपवून घेतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. फटका बसतो तो एमआरएसएला, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या तपासणीला. स्टॅफिलोकॉकसमधला मेथिसिलिन-रेझिस्टन्स सगळ्या पेशींत सारखा व्यक्त होत नाही आणि ३५ अंशांच्या वर तो दबतो. सेफॉक्सिटिन ३० मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवती २१ मिमी किंवा कमी झोन आला तर एस. ऑरियस एमआरएसए, २२ किंवा जास्त आला तर नाही. एका मिलिमीटरवर निर्णय फिरतो आणि तिथे ३९ अंशांवर रात्रभर ठेवलेली प्लेट खोटं बोलू शकते. रेझिस्टंटला सेन्सिटिव्ह म्हणणं ही ईक्यूएएसमध्ये सगळ्यात मोठी चूक धरली जाते आणि रुग्णासाठीही तीच सगळ्यात महागाची. उपाय एकच, कॉम्प्रेसर असलेला, म्हणजे थंडही करणारा बीओडी इनक्युबेटर. आत ग्लिसरीनच्या बाटलीत बुडवलेला थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ वाचन लिहावं. बाहेरच्या डिजिटल आकड्यावर विसंबू नये.

कूलरचाही प्रश्न आहे. मीडिया ओतायच्या खोलीत कूलर चालू असला की ओल्या गवतातून ॲस्परजिलसचे बीजाणू थेट प्लेटवर. प्लेट ओतताना आणि वाळवताना कूलर बंदच हवा, मग घाम आला तरी चालेल. ओतलेल्या प्लेट पॉलिथिनमध्ये बांधून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. आपल्या कोरड्या हवेत उघड्यावर त्या वाळतात, अगर आक्रसतो आणि ४ मिमीचे ४ मिमी राहत नाहीत.

डिस्कचा साठा उणे २० अंशांवर, रोजच्या वापरातल्या २ ते ८ अंशांवर सिलिका जेलसोबत. फ्रिजमधून काढल्याबरोबर डबी उघडली तर आत दव धरतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. इमिपेनेम आणि क्लॅव्ह्युलॅनेट सगळ्यात आधी कमजोर पडतात. हे पकडायला कंट्रोल जंतू हवेत, म्हणजे झोन किती यायचा हे आधीच ठाऊक असलेले. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ला जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅमचा झोन १९ ते २६ मिमी, सेफ्टाझिडिम ३० मायक्रोग्रॅमचा २५ ते ३२ मिमी यायला हवा. झोन मर्यादेत असूनही दर आठवड्याला एकेक मिमीने घसरत असेल, तर डिस्कमधलं औषध कमजोर पडत असल्याची ती खूण समजावी.

जंतूच्या ओळखीच्या भागात टायफॉइडचा साल्मोनेला टायफी हमखास दगा देतो. बायोकेमिकल चाचण्या जुळतात, पण ओळख पटवणाऱ्या ओ-अँटिसीरमशी गुठळी होत नाही आणि टेक्निशियन गोंधळतो. कारण जंतूवर व्हीआय अँटिजेनचं आवरण असतं, ते ओ-अँटिसीरमला आड येतं. सस्पेन्शन उकळत्या पाण्यात ठेवून, थंड करून पुन्हा तपासलं की गुठळी दिसते. रिपोर्टमध्ये ॲमिकॅसिन, जेंटामायसिन आणि पहिल्या-दुसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन ‘सेन्सिटिव्ह’ लिहू नयेत. प्लेटवर ती चालतात, टायफॉइडच्या रुग्णात चालत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालेल का हे पाहायला पेफ्लॉक्सॅसिन ५ मायक्रोग्रॅमची डिस्क लावावी, २४ मिमी किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह. आणि कोलिस्टिनची डिस्क कोणत्याही जंतूला लावू नये. तो रेणू अगरमध्ये नीट पसरतच नाही, त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन लागतं, म्हणजे औषधाचं प्रमाण टप्प्याटप्प्याने बदललेल्या ब्रॉथमध्ये जंतू वाढवून पाहणं.

या सेवेची किंमत आपणच शून्य करू शकतो आणि ते सर्रास होतं. कुपी सगळ्यात अनुभवी माणसाच्या हाती दिली जाते, तीन-तीनदा तपासली जाते, व्हॉट्सॲपवर शेजारच्या लॅबला ‘तुमचं काय आलं’ विचारलं जातं. मग गुण शंभरपैकी शंभर येतात आणि लॅब आहे तशीच राहते. नमुना रोजच्या नमुन्यांमध्येच, त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याच्याकडे जायला हवा. संघटनांच्या बाजूने एक उणीव मात्र जाणवते. सूचनापत्रं इंग्रजीत असतात आणि विदर्भातल्या तालुक्याच्या लॅबमध्ये काम करणारा डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेला मुलगा ती अर्धीच वाचतो. एका पानाचं मराठी सूचनापत्र सोबत आलं तर निम्म्या चुका पाकीट उघडतानाच टळतील.

उत्तर चुकलं तर कारण शोधून लिहा. मीडियाची बॅच, डिस्कची बॅच, त्या रात्रीचं तापमान, कोणी वाचलं, किती वाजता वाचलं. वापरलेल्या प्लेट २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे लॅबमध्येच निर्जंतुक करून मग पिवळ्या पिशवीत, मोडलेल्या काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या डब्यात. पण निकाल आल्यावर जंतू फेकून देऊ नका. १५ ते २० टक्के ग्लिसरॉलच्या ब्रॉथमध्ये उणे ७० अंशांवर ठेवा. तशी सोय नसेल तर स्लँटवर (नळीतल्या तिरक्या अगरवर) ठेवून ठरावीक काळाने नवीन करा. नवा टेक्निशियन रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्यातली एक कुपी, नाव खोडून, रोजच्या नमुन्यांच्या रांगेत ठेवा.