डबल फर्स्ट बेस घेताना आधी शिवण बघा

सॉफ्टबॉलचा डबल फर्स्ट बेस, म्हणजे पांढरा आणि केशरी असे दोन भाग जोडलेला पहिला बेस, विकताना दुकानदार एकच गुण सांगतो: धावत येणारी बॅटर आणि फर्स्ट बेसवर उभी असलेली फिल्डर एकमेकींवर आदळत नाहीत. ते खरंच आहे. पण सामन्यात बेसची परीक्षा होते ती मधल्या शिवणीवर. पांढरा भाग फेअरमध्ये, म्हणजे फटका वैध धरला जातो त्या लाइनीच्या आतल्या बाजूला, केशरी भाग फाउलमध्ये, म्हणजे लाइनीबाहेर, आणि पंचाची नजर त्या दोघांच्या सीमेवर. शिवण दिसत नसेल किंवा दुसऱ्या इनिंगपर्यंत चार बोटं सरकली असेल, तर महागातला बेसही पैसे वाया.

माप ठरलेलं आहे. प्रत्येक भाग 15 इंच चौरस, सगळा मिळून 15 बाय 30 इंच, जाडी जास्तीत जास्त 5 इंच. बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात: रबराची चटई, आत फोम भरलेली रेक्झिनची गादी, आणि खालून लोखंडी दांडा असलेला मोल्डेड रबराचा बेस.

चटई सरावापुरती ठीक. पाय पडला की ती मागे सरकते, कोपरा दुमडतो. शिवाय इतकी पातळ की चेंडू तिच्यावरून गेला तरी दिशा बदलत नाही, त्यामुळे लागला की नाही याचा पुरावाच राहत नाही. गादीला पट्टे आणि खिळे असतात. कडक मुरमात खिळे पुरते आत जात नाहीत, काळ्या मातीत पाऊस झाला की ढिले होतात. तिचा आणखी एक दोष म्हणजे जोडावरची जाड उंचवट्याची पट्टी. नेमक्या त्याच जागी चेंडू आपटून भलतीकडे उडतो.

म्हणून सामन्यांसाठी दांड्याचाच बेस. पण तोही डोळे झाकून घेऊ नका, उलटा करून दांडा कुठे आहे ते बघा. मैदानात जुन्या साध्या बेसचा दांडा बसवायची नळी पुरलेली असेल तर ती लाइनीपासून साडेसात इंच आत असते, कारण साध्या बेसचा मध्य तिथे येतो. नव्या बेसचा दांडा पांढऱ्या भागाच्या मध्याखाली असेल तर तो बरोबर बसतो. दांडा शिवणीखाली असेल तर शिवणच साडेसात इंच आत जाते आणि अर्धा केशरी भाग फेअरमध्ये येतो. मग पंच कितीही चांगला असो, लाइन आणि बेस एकमेकांशी भांडतात.

बसवताना, बॅटर जिथे फटका मारते त्या होमप्लेटच्या मागच्या टोकापासून टेप धरायचा आणि बेसच्या मागच्या कडेपर्यंत 60 फूट मोजायचे, पुढच्या कडेपर्यंत नाही. फक्की मारणारा माणूस हमखास एक चूक करतो: लाइनीचा मध्य शिवणीवर आणतो. लाइन स्वतः फेअर असते, तेव्हा लाइनीची बाहेरची कड शिवणीशी जुळली पाहिजे. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी क्रिकेट, कबड्डी सगळंच चालतं, म्हणून नळीचं तोंड जमिनीच्या किंचित खाली ठेवा आणि बेस काढला की रबरी बूच लावा. बुचाशिवाय आलेला सेट परत करा. नळीत माती भरली की दांडा पुरता उतरत नाही आणि बेस डुगडुगतो.

आता प्रत्यक्ष खेळात तो पंचाला किती मदत करतो ते बघू. लाइनीला घासत सरपटी फटका येतो. चेंडू पांढऱ्याला लागला की फेअर, मग तिथून तो केशरीवर जावो की कुंपणापर्यंत. शिवणीवर आदळून दोन्ही भागांना लागला, तरी फेअर. नुसत्या केशरीला लागला तर फाउल. मात्र आधी पांढऱ्यावरून टप्पा घेऊन गेला असेल तर नंतर केशरीला लागल्याने काही बिघडत नाही. चांगल्या मोल्डेड बेसवर हा फरक होमप्लेटमागूनही कळतो. फाउल असेल तर पंच दोन्ही हात वर करून मोठ्याने सांगतो. फेअर असेल तर तोंड बंद, फक्त हात मैदानाच्या आत. प्रेक्षकांना तो गप्प बसल्यासारखा वाटतो, पण निर्णय दिलेला असतो.

बेसच्या अलीकडे मात्र या रंगांचा काही उपयोग नाही. तिथे चेंडू कुठे थांबला किंवा त्याला कुठे हात लागला एवढंच बघायचं, फिल्डरचे पाय कुठे आहेत ते नाही.

खेळाडूंचा गोंधळ वेगळाच असतो. फर्स्टवर आउट करण्याची धडपड चालू असेल तर बॅटरने केशरीवर आणि फिल्डरने पांढऱ्यावर पाय द्यायचा. बॅटरने फक्त पांढऱ्यावर दिला आणि ती परत यायच्या आत समोरच्या संघाने अपील केलं, तर बेस चुकवल्यासारखी ती आउट. थ्रो फाउल बाजूने येत असेल तर दोघींना कुठलाही भाग चालतो. एकदा पुढे धावून परत आली की तिच्यासाठी केशरी संपला. पिकऑफला, म्हणजे बेस सोडलेल्या रनरला टिपायला थ्रो आला की, परतताना, किंवा झेलानंतर पळण्याआधी, पाय पांढऱ्यावरच हवा. केशरीवर निवांत उभी राहिलेली रनर टॅग झाली, म्हणजे तिला चेंडू लावला, की आउट आहे, आणि डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बाकावरून, कितीही ओरडा झाला तरी त्यात बेसचा दोष नाही.

टिकाऊपणात रबर पास, रंग नापास. उन्हात केशरी फिका पडतो, धुळीने पांढरा विटकरी होतो, आणि दुपारच्या सामन्यात दोन्ही एकसारखे दिसू लागतात. वरून रंग फासलेला बेस घेऊ नका; नखाने खरवडून खाली तोच रंग निघाला तरच घ्या. दर इनिंगनंतर ओल्या फडक्याने पुसायला एक मूल नेमा. साबण नको, वरचा थर निसरडा होतो.